इंजिन खराब निघावं म्हणून

विकायला काढलेलं इंजिन खराब निघावं म्हणून देवाला साकडं घालणारी बाई पुण्यात माझ्याआधी कोणी झाली असेल असं वाटत नाही. गिऱ्हाईक फलटणकडून यायचं होतं, येताना पुण्यातला एक मिस्त्री बरोबर घेणार होतं, आणि मी सकाळी इंजिनावरची ताडपत्री ओढून काढताना म्हणत होते, आत काहीतरी मोडलेलं असू दे. बाकी काही मागत नाही, एवढं एक कर.

वेड लागलंय असं वाटेल. म्हणून आधी काय झालं ते सांगते.

माझ्या नवऱ्याचा एकच ट्रक होता. दहा चाकी, जुना, बापाकडून लेकाकडे आलेला. आधी सासरे चालवायचे. त्यांना मी आबा म्हणते. त्यांचे गुडघे गेले तेव्हा नवरा सीटवर बसला. आमचं घर धायरीत, धायरी गाव होतं तेव्हापासूनचं. आता चहूबाजूंनी इमारती उठल्या आहेत. दारात ट्रक लावला की वरच्या गॅलरीतून कोणीतरी विचारायचं, "अहो, हे इथेच राहणार का?" नवरा मान वर करून म्हणायचा, "नाही हो, तुम्ही कधी जाताय त्याची वाट बघतोय." हे असं बोलण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मीही काही कमी नाही. आमचं लग्न टिकलं ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

दिवाळीच्या तोंडावर तो साताऱ्याकडून साखर भरून येत होता. बोगदा संपला की बायपासला एक लांबलचक उतार लागतो. त्या उताराचा आणि आमचा घरोबा आहे म्हणा, कारण घराच्या गच्चीवरून रात्रंदिवस त्यावरच्या गाड्यांचा आवाज येतो. नवरा म्हणायचा, बोगद्याच्या तोंडाला एखादं गाणं लावलं की ते खाली पुलापाशी येऊन संपतं, एवढा तो उतार. त्या दिवशी उताराच्या पायथ्याशी गाड्या तुंबल्या होत्या. आमचा ट्रक थांबला नाही. पुढच्या एका मोटारीवर गेला आणि मग कडेला आडवा झाला. मोटारीतली बाई गेली. आमच्या केबिनचा चोळामोळा झाला, आणि त्यात नवरा गेला.

ट्रक उचलताना गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये सापडला.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भरलेली गाडी गिअरमध्ये असली की उतारावर इंजिन चाकांना धरून ठेवतं. नवऱ्याच्या भाषेत, इंजिन म्हणजे गाडीच्या पोटातला ब्रेक. पण काही ड्रायव्हर उतार आला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. गाडी आपल्या वजनाने घरंगळत जाते, डिझेल वाचतं. मग सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक लागत नाहीत. त्या उतारावर असं किती वेळा झालंय ते पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यामुळे दांडा न्यूट्रलमध्ये आहे म्हटल्यावर पुढे कोणाला काही विचारायची गरज वाटली नाही. चार पैशांच्या डिझेलसाठी एका बाईचा जीव घेतला, एवढंच सगळ्यांच्या तोंडी झालं. आरोपी मेलेला, त्यामुळे कागदही लवकर मिटले.

मी कोथरूडला एका क्लासच्या ऑफिसात काम करते. फी घ्यायची, पावत्या द्यायच्या, पालकांना बॅचच्या वेळा सांगायच्या. तेराव्यानंतर कामावर गेले त्याच आठवड्यात एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर उभे राहून दुसऱ्या गृहस्थांना सांगत होते, "न्यूट्रलमध्ये आणतात हो हे लोक. एकेकाला फाशी द्यायला पाहिजे." दुसरे म्हणाले, "तो तिथेच गेला ना?" तर पहिले म्हणाले, "सुटला." मी त्यांना पावती दिली आणि म्हणाले, "काका, आपलं हेल्मेट राहिलंय." त्यांनी थँक्यू म्हटलं. मला अजूनही त्या माणसाचा राग येतो, आणि त्याहून जास्त राग येतो तो याचा, की त्याचं बोलणं चूक आहे असं छातीठोकपणे सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

कारण न्यूट्रल आमच्या घरातलंच होतं. आबांनी आयुष्यभर घाट न्यूट्रलमध्ये उतरवले. त्यांच्या वेळी सगळेच तसं करायचे. नवरा लहानपणी सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून जायचा. उतार लागला की आबा दांडा मधे आणायचे, इंजिनाची घरघर एकदम थांबायची, नुसतं वारं कानाशी लागायचं, आणि आबा त्याला म्हणायचे, "बघ, इमान!" इमान म्हणजे विमान. हे मला नवऱ्यानेच सांगितलं होतं, आणि सांगताना त्याचा चेहरा अगदी पोरासारखा झाला होता. मोठेपणी मात्र घाटात एका ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी दरीत गेलेली त्याने पाहिली आणि त्यानंतर न्यूट्रल बंद. मी बरोबर असताना तर त्याने कधीच टाकली नाही. मी नसताना काय करायचा ते देवाला ठाऊक.

आणि आबा! पोलिसांनी त्यांना विचारलं, तुमचा मुलगा उतारावर न्यूट्रल करायचा का? दुसरा कोणी बाप असता तर म्हणाला असता, छे, कधीच नाही. आबा म्हणाले, "करत आसंल. म्याच शिकवलं त्याला." भेटायला येणाऱ्या प्रत्येकालाही तेच. लोक सतरंजीवर टेकतात न टेकतात तोच आबा सुरू. न्यूट्रलमदी आणली. पोरगं न्यूट्रलमदी आलं. मी आतून ऐकायचे आणि हातातलं भांडं दाणकन ओट्यावर आपटायचे. एकदा न राहवून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आबा, तुम्ही गाडीत होता का?" ते म्हणाले, "न्हवतो." "मग गप्प बसा." सुनेने सासऱ्याला असं बोलावं हे पाव्हण्यांना रुचलं नाही. न रुचू दे. स्वतःच्या मेलेल्या पोराविरुद्ध साक्ष देणारा बाप मी दुसरा पाहिला नाही.

पोलिसांकडून ट्रक सुटला तेव्हा तो गावातल्या एका ओळखीच्यांच्या मोकळ्या जागेत आणून टाकला. भंगारवाला आला, केबिन, चॅसिस, चाकं, सगळं कापून घेऊन गेला. ब्रेक का लागले नाहीत हे सांगू शकणारे ड्रम त्यातच वितळून गेले. तेव्हा मला हे सुचलंही नाही. इंजिन तो वजनावर मागत होता, पण आबा म्हणाले, "ते देऊ नको. चालत्या गाडीचं इंजिन हाय. न्यूट्रलला इंजिनाला काय धाड भरलीया? एखाद्या गरजू ड्रायव्हरला जाऊ दे." म्हणून ते उतरवून दोन जुन्या टायरांवर ठेवलं आणि वर ताडपत्री टाकली.

आबांच्या या वाक्याने माझी झोप उडाली. कारण खरंच होतं ते. न्यूट्रलमध्ये गाडी कितीही सुसाट सुटली तरी इंजिन आपलं जागच्या जागी हळू फिरत राहतं. त्याला कशाची झळ लागत नाही. पण गाडी खालच्या गिअरमध्ये असेल आणि मागून सगळं ओझं तिला रेटत असेल, तर चाकंच उलटी इंजिनाला पळवतात, त्याच्या ताकदीबाहेर पळवतात, आणि इंजिन आतून मोडतं. हेही नवऱ्याचंच ज्ञान. घाटात एका गाडीचं असं झालं होतं, त्याची गोष्ट त्याने मला जेवताना सांगितली होती. इंजिनाने जीव दिला पण गाडी सोडली नाही, असं तो म्हणाला होता. मला त्यावेळी त्या गोष्टीत काडीचा रस नव्हता. मी त्याला म्हणाले होते, आधी भाकरी खा.

तर आता असं होतं. टायरांवर ठेवलेलं ते इंजिन चांगलं निघालं, तर ते विकलं जाणार होतं आणि आबा खरे ठरणार होते. खराब निघालं, तर भंगारात जाणार होतं आणि माझा नवरा शेवटपर्यंत गाडी धरून होता हे ठरणार होतं. दोन्ही एकदम मिळणार नव्हतं. मग स्वतःच मिस्त्री आणून उघडून का नाही पाहिलं, असं कोणी विचारेल. धीर झाला नाही. गिऱ्हाईक आलं की ते बघेलच, तोवर माहीत नसण्याची तरी सोय होती.

गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचा माणूस, स्वतः ड्रायव्हर, स्वतःच मालक. आमच्यासारखीच जुनी दहा चाकी गाडी, तिच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला होता. बरोबर नाना पेठेतले एक म्हातारे मिस्त्री होते. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, आणि अंगावर तेलाने काळा झालेला शर्ट. मिस्त्री फार बोलत नव्हते. ड्रायव्हर मात्र आल्या आल्या म्हणाला, "वैनी, ॲक्सिडेंटचं इंजिन हाय म्हणलं म्हणून आलो. झिजून काढल्यालं मी घेत न्हाई. गाडी मेली आन् इंजिन जित्तं ऱ्हायलं, आसं पायजे." मग एकदम त्याच्या लक्षात आलं आणि त्याने विचारलं, "ड्रायव्हर?"

"माझे मिस्टर होते," मी म्हणाले.

तो मग पायातल्या चपला काढून इंजिनापाशी गेला. पिशवीतून उदबत्ती काढली, पेटवली, आणि एका नटबोल्टाच्या मोकळ्या भोकात खोचली. हात जोडून म्हणाला, "दादा, तुमची वस्तू बघाया आलोय. राग धरू नका." मला म्हणाला, "पद्धत हाय वैनी. इच्यारल्याबिगर हात लावायचा न्हाई." इतक्या दिवसांत माझ्या नवऱ्याशी चांगलं बोललेला तो पहिला माणूस होता. आणि त्याचं नुकसान व्हावं म्हणून मी देवाला साकडं घालून बसले होते.

मिस्त्रींनी सुरुवात केली. आधी इंजिनाच्या पोटावर तळहात ठेवला. थंडगार होतं. ते समाधानाने हुंकारले. विकणारे लोक गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतात, म्हणजे सुरू व्हायला त्रास देत नाही, म्हणून आधी थंड आहे का ते बघायचं. मग रॉकेलच्या फडक्याने घासून नंबर वाचला, खाडाखोड नाही ना ते पाहिलं. तेलाची पट्टी काढून ते तेल दोन बोटांत चोळलं, वास घेतला. "पाणी नाही. लोखंडाचा कीस नाही," म्हणाले. गाडी आडवी पडली होती म्हणून तेल नको तिथे शिरलेलं असतं, ते बाहेर निघावं यासाठी त्यांनी डिझेल फवारणारे नोझल खोलून ठेवले आणि लांब पहारीने इंजिन हाताने फिरवलं. भोकांतून काळं तेल फुर्रकन उडालं. इंजिन लोण्यासारखं फिरत होतं. पुढच्या पुलीला पहार लावून त्यांनी क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य आस, मागेपुढे ढकलून पाहिला. हललाच नाही, म्हणजे झिजलेला नव्हता.

"ठेवलंय चांगलं," मिस्त्री म्हणाले. "तेल वेळेवर बदलायचे का साहेब?"

"स्वतःचं औषध विसरायचे, याचं तेल नाही," मी म्हणाले.

ड्रायव्हरचा चेहरा खुलत चालला होता. माझा पाय एकेका वाक्याला गाळात जात होता. चांगलं आहे, चांगलं आहे, चांगलं आहे. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. मनात आलं, मिळेल त्या किमतीला देऊन टाकावं, घेऊन जाऊ दे, निदान चालू करून तरी बघू नये. पण चालू केल्याशिवाय इंजिन कोण घेतं?

नोझल परत बसवले. डिझेलचा कॅन टांगला, नळीने पाणी जोडलं, बॅटरी लावली. स्टार्टर फिरला. दोनतीनदा खोकून इंजिन लागलं, आणि पांढरा धूर सगळ्या जागेत पसरला. मला वाटलं होतं, इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून मला रडू येईल. पण तो आवाज आमच्या गाडीचा नव्हताच. आमची गाडी दारात उभी राहून घुमायची ते मला स्वयंपाकघरात पाठ होतं. हे इंजिन लंगडत होतं. मधेच ठेच लागल्यासारखं होत होतं, आणि वरून कुठूनतरी टक टक येत होती.

ड्रायव्हरला ते अजून ऐकू आलं नव्हतं, किंवा ऐकायचं नव्हतं. त्याने तेल ओतायचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवलं. पिस्टनच्या रिंगा झिजून आतून दाब येत असेल तर झाकण नाचतं, उडून पडतं. झाकण स्वस्थ बसून राहिलं. "बघा मिस्त्री, रिंगा एक नंबर!" तो ओरडला.

मिस्त्रींनी हात वर करून त्याला थांबवलं. पान्याचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानाला लावून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेले. तिसऱ्या सिलिंडरपाशी थांबले. पुढे गेले, परत मागे आले. मग इंजिन बंद करायला लावलं.

"टॅपेटचं असंल," ड्रायव्हर म्हणाला. "शेटिंग केलं की जाईल."

मिस्त्रींनी वरचं झाकण खोललं आणि आतून एक सळई वर ओढून काढली. बोटाएवढी जाड, हातभर लांब. पुशरॉड म्हणतात तिला. ती व्हॉल्व्हला, म्हणजे हवा आतबाहेर सोडणाऱ्या झडपेला, उघडायला लावते. ती त्यांनी डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटून पाहिली, आणि ड्रायव्हरच्या हातात दिली. मग दुसरी काढली, तिसरी काढली. ती तिसरी मला लांबूनसुद्धा वाकडी दिसली.

"हे इंजिन खूप पळवलंय कोणीतरी," मिस्त्री म्हणाले. "याच्या औकातीबाहेर. व्हॉल्व्हला मिटायला वेळ मिळाला नाही, खालून पिस्टन येऊन बसला त्याच्यावर. आत पिस्टनवर चंद्रकोरीसारखे ठसे असतील बघा. उघडायची गरज नाही."

मी पुढे झाले. विचारलं, "न्यूट्रलमध्ये असताना असं होतं का?"

"न्यूट्रलमध्ये?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी चुलीवर बर्फ होतो का विचारलं. "न्यूट्रलमध्ये कसं होईल, ताई? गिअरमध्ये होती गाडी. खालच्या गिअरमध्ये, दुसऱ्या, फार तर तिसऱ्या. मागून वजनाने रेटली असणार."

"पण दांडा न्यूट्रलमध्ये सापडला."

"सटकतो ना. एवढा जोर आला की गिअर सटकून बाहेर येतो. माणसाने हाताने दाबून धरला तरी येतो."

मी तिथेच टायरावर बसले. मला हसू येत होतं. ड्रायव्हर बिचारा वाकडी सळई हातात घेऊन उभा होता, त्याची सकाळ, त्याचा प्रवास, त्याची आशा सगळी वाया गेली होती, आणि समोर विकणारीण तोंडाला पदर लावून हसत होती. मी म्हणाले, "दादा, माफ करा. तुमचा हेलपाटा झाला."

"तुमी का माफी मागताय वैनी?" तो म्हणाला. "मला चालू पायजे व्हतं. दुरुस्तच करायचं तर माझंच करीन की." मिस्त्री हत्यारं पुसून पिशवीत भरत होते. ड्रायव्हरने जायच्या आधी ती उदबत्ती नीट केली, तिची राख बाजूला झाडली. मी त्याच्याकडून वाकडी सळई मागून घेतली. "तुमचीच हाय," तो म्हणाला.

स्कूटीवर पायांपाशी सळई ठेवून मी घराकडे निघाले. कोणाकोणाला दाखवायची ते माझ्या मनात चाललं होतं. कोथरूडच्या त्या काकांना. पोलीस चौकीत. त्या मोटारीतल्या बाईच्या घरी. तिच्या घरी जायची माझी कधीच हिंमत झाली नव्हती, पण आता वाटलं, दारात उभं राहून सांगता येईल की त्याने डिझेल वाचवायला तुमची बाई मारली नाही, त्याने थांबवायचा प्रयत्न केला होता. त्यांना त्याचं काय, हे तेव्हा मनात आलं नाही. आणि सगळ्यात आधी, अर्थात, आबा.

आबा दारातल्या ओट्यावर बसून मटार सोलत होते. मी स्टँडही धड लावला नाही. सळई त्यांच्यासमोर फरशीवर टाकली, खणकन आवाज झाला. "घ्या," मी म्हणाले. "हे तुमचं न्यूट्रल!"

त्यांनी सुपातले हात पुसले. सळई उचलली. माझ्या बोलण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ती त्यांनी फरशीवर ठेवून तळहाताने घरंगळत सोडली. सरळ सळई सुळकन जाते. ही धडपडत, ठक ठक करत जाऊन भिंतीला लागली. त्यांनी परत आणली, परत सोडली. ठक ठक ठक.

"मिस्त्री म्हणाला, गिअरमध्ये होती," मी म्हणाले. माझा राग अजून उतरला नव्हता. "ऐकू आलं का? गिअरमध्ये! तुम्ही जगाला सांगत सुटला होता. पोलिसांना सांगितलंत. आता सांगा की, बोलवा त्या सगळ्यांना परत."

"कंच्या गिअरात म्हणला?"

"दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या."

आबांनी मान हलवली. कितीतरी वेळ ते सळईवरून अंगठा फिरवत राहिले, जिथे ती वाकली होती तिथे परत परत. शेंगा तशाच पडल्या होत्या. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "भरल्या गाडीनं येग धरला की खालचा गिअर बसत न्हाई, पोरी. किती बी दाब, बसत न्हाई. नुसता करकर करतो. बसला म्हंजी येग कमी व्हता तवा बसला. वर बसला. बोगद्याच्या तोंडालाच."

मला समजलं नाही. म्हणजे शब्द समजले. मी विचारलं, "मग?"

"म्हंजी त्याला वरनंच ठावं व्हतं."

बायपासवरून एक गाडी उतरत होती. तिचं इंजिन कण्हत होतं, गिअरमध्ये असलेल्या गाडीचं कण्हतं तसं. आबा तो आवाज खालपर्यंत जाईस्तोवर ऐकत राहिले.

"म्या आपलं न्यूट्रल न्यूट्रल म्हणत व्हतो," ते म्हणाले. "न्यूट्रलला गाडीचा आवाज नसतो. वारं लागतं नुसतं. गानं लावून आला आसंल, मजेत आला आसंल, खाली आल्यावर बिरेक दाबला आसंल तवा काय ते कळलं आसंल. तेवढंच. घडीभर." त्यांचा खालचा ओठ हलत होता. "चुकला तर चुकला म्हणलं. पर भ्याला नसंल."

मी ओट्यावर त्यांच्याशेजारी बसले. इतके दिवस मी त्यांचा दुस्वास केला होता, आणि तो मला आता कुठे ठेवावा ते कळेना. माझ्या डोळ्यांसमोर तो उतार होता. मी स्वतः स्कूटीने तो कितीदा उतरले आहे. बोगदा संपला की उजेड डोळ्यांवर येतो, मग पहिलं वळण, मग सरळ, मग पुन्हा वळण, खाली दूरवर इमारती दिसतात आणि जवळ येता येत नाहीत. एक अख्खं गाणं. त्यातलं पहिलं कडवं सुरू व्हायच्या आधी त्याने ब्रेक दाबला होता आणि पाय रिकामा खाली गेला होता. त्याने दांडा खाली ओढला. गाडी धरली. इंजिन आतून मोडेस्तोवर धरली. मग दांडा हातातून सटकला आणि बाकीचं सगळं गाणं तो काय करत होता, ते सांगायला त्या इंजिनात काही नव्हतं.

आबांच्या हातातून मी सळई काढून घेतली. दोन्ही हातांनी धरून, गुडघ्याला लावून मी ती सरळ करायला लागले. माझ्या हातांना वळ उठले, पण ती काही सरळ झाली नाही.